जुन्या निळ्या खोक्यातली वाघीण नीट पळवायची कशी

अथर्न या अमेरिकन कंपनीचे, मॉडेल रेल्वेच्या वाघिणींचे (म्हणजे मालडब्यांचे) ते निळ्या खोक्यातले एचओचे, म्हणजे १:८७ मापाचे, जुने किट अजून मिळतात, कुणाच्या माळ्यावरून निघालेले नाहीतर अमेरिकेहून येणाऱ्या कुणीतरी बॅगेत कोंबून आणलेले. खोकं उघडलं की एक अख्खी प्लास्टिकची बॉडी, खालचा सांगाडा, पोलादी पट्टी, दोन दारं, प्लास्टिकची चाकं आणि डबे एकमेकांना जोडायचे ते आकड्यासारखे जुने कपलर. अर्ध्या तासात जोडून होतं आणि तिथेच फसगत होते, कारण जोडून झालं म्हणजे पळेल असं अजिबात नाही. मी आधी रंगाच्या मागे लागायचो, आता सगळी मेहनत आधी खालच्या बाजूला करतो, वरचं नंतर.

एक घोळ आधीच मिटवतो. आपल्याकडे डब्यालाच बोगी म्हणतात, पण खरी बोगी म्हणजे खालची चार चाकांची चौकट, तिलाच अमेरिकन लोक ट्रक म्हणतात. इथे मी ट्रकच म्हणणार.

पहिली चाकं. प्लास्टिकची चाकं मळ धरतात आणि तोच मळ रुळभर फासत फिरतात, त्यामुळे सरळ काढून टाका आणि धातूची घाला. चाळीस फुटी बॉक्सकारला (चारी बाजूंनी बंद वाघिणीला) ३३ इंची चाक लागतं, म्हणजे १:८७ मध्ये साधारण साडेनऊ मिलिमीटर व्यासाचं. शंभर टनी मोठ्या वाघिणींना ३६ इंची, ते वेगळं. चाक बसवल्यावर टिचकी मारून बघा, भिंगरीसारखं फिरलं पाहिजे. अडखळलं तर ॲक्सलची टोकं जिथे बसतात तिथे साच्याचा बारीक कचरा असतो, तो साफ करा. तेल घालू नका हं, तेलात धूळ बसते आणि महिन्याभरात चिखल होतो. अगदीच वाटलं तर पेन्सिलीचं शिसं खरवडून चिमूटभर टाका. आणि एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा, मापं तपासायचा तो पत्र्याचा गेज असेल तर प्रत्येक जोडी त्यात घालून बघाच, नवीन चाकंसुद्धा कधीकधी चुकीच्या अंतरावर येतात.

आता ट्रकचे स्क्रू, इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. दोन्ही स्क्रू घट्ट पिळले की वाघीण चार पायांच्या टेबलासारखी होते, आणि फरशी जरा उंचसखल असली की टेबल डुगडुगतं ना, तसंच रूळ जरा वाकडा आला की एक चाक उचलतं आणि वाघीण रुळावरून पडते. म्हणून एका टोकाचा स्क्रू इतका आवळायचा की ट्रक मोकळा वळेल पण डावी-उजवीकडे झुलणार नाही, आणि दुसऱ्या टोकाचा अर्धा आटा आणखी सैल, म्हणजे तो थोडा झुलेल. झाली तिवई. तिवई कधी डुगडुगत नाही. एवढ्या एका गोष्टीने माझ्या निम्म्या वाघिणी सुधारल्या, पैसा एक खर्च झाला नाही.

कपलर केडी कंपनीचे, पाच नंबर किंवा एकशे अठ्ठेचाळीस. मला एकशे अठ्ठेचाळीस आवडतो कारण त्याची स्प्रिंग कपलरलाच असते, पाच नंबरला ती वेगळी पितळी पट्टी सांभाळत बसावी लागते. अथर्नच्या कपलरवर जे पत्र्याचं झाकण असतं ते नुसतं दाबून बसतं आणि ऐन गाडी ओढताना उडून जातं. मधोमध बारीक भोक पाडून दोन मिलिमीटरच्या स्क्रूने ते आवळून टाका. गोंद लावू नका, माझा पहिला कपलर तसाच कायमचा चिकटून बसला होता. उंची गेजवर बघा. कपलर खाली येत असेल तर ट्रक आणि सांगाड्याच्या मध्ये पातळ वॉशर.

वजन सगळ्यात शेवटी करा, बाकी सगळं बसवून झाल्यावर. एनएमआरएचा हिशोब असा की सुरुवातीला एक औंस आणि मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी वाघीण मॉडेलमध्ये साडेपाच इंच भरते, म्हणजे पावणेचार औंस, आपल्या ग्रॅममध्ये १०६. माझ्या नव्वदच्या आसपास भरल्या. कमी पडतं त्यासाठी टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगचे चिकट तुकडे मिळतात ना पाच-पाच ग्रॅमचे, ते दोन्ही ट्रकच्या वर, वाघिणीच्या आत तळालगत सारखे वाटून चिकटवा. शिशाचे छर्रे घालून वर फेव्हिकॉल ओतायचा नाही, शिसं आणि तो पांढरा गोंद काही वर्षांनी फुगतात आणि बॉडी फाकते.

मग रूप. अथर्नच्या सरकत्या दारांना खाली जे जाडजूड पंजे असतात ते बघूनच मॉडेल खेळण्यातलं वाटतं. पंजे कापा, दार बंद करून आतून चिकटवा, विषय संपला. साच्यातच आलेल्या धरायच्या कड्या काढायच्या तर छिन्नीच्या आकाराचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलकेच पापुद्रे काढत जा, शेजारच्या अक्षरांवर टेप लावून. मग पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलच्या मुठीत) ०.३५ मिलिमीटरचा ड्रिल (मुंबईत नागदेवीला मिळतो, चार घ्या, तीन मोडतातच) आणि ०.३ ची पितळी तार वाकवून नवी कडी, दोन पायांमध्ये सव्वापाच मिलिमीटर. कडी भिंतीला टेकू द्यायची नाही, मध्ये कार्डाचा तुकडा सरकवून मग आतून गोंदाचा थेंब.

काळ ठरवून घ्या. अमेरिकेत १९६६ पासून नव्या बॉक्सकारना छपरावरची चालायची फळी बंद झाली आणि जुन्यांचीही हळूहळू निघाली. ऐंशीच्या दशकातली गाडी करायची असेल तर फळी काढा आणि भोकं बुजवा.

रंग उतरवायचा असेल तर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे मिळतं, त्यात रात्रभर बुडवून जुन्या ब्रशने घासा. मी घाईत नेलपॉलिश रिमूव्हर लावला होता, अख्खी बाजू मेणासारखी वितळली. मळकटपणासाठी मी दिवाळीतला उरलेला गेरू वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशने वरून खाली ओढतो, गंजाला यापेक्षा चांगला रंग नाही, वर मॅट क्लिअरचा हलका फवारा. पण त्या फवाऱ्यावर पुन्हा अल्कोहोलचा हात मारू नका, पांढरं फटक पडतं.

शेवटी चाचणी पुढे ओढून नाही, मागे ढकलून घ्या, गाडीच्या मधोमध लावून, सांध्यावरून, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथून. माझी एक वाघीण सगळं करूनही तीन वेळा पडली, चाकं काढून घातली, वजन वाढवलं, काही फरक नाही. मग डोळा रुळाच्या पातळीला नेऊन बघितलं तर कपलरखाली लोंबणारी ती वाकडी तार सांध्याच्या बेचक्यात अडकत होती. पक्कडीने अर्धा मिलिमीटर वर वाकवली.