सोलापुरात काय कुठं घ्यायचं, पेठेपेठेनं सांगते

बदली होऊन सोलापुरात आलेले असोत नाहीतर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून जाता जाता इथं थांबणारे, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, चादर कुठं घ्यायची? ते सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या गावात ज्या वस्तूचं रोजचं गिऱ्हाईक ज्या भागात राहतं, ती वस्तू त्याच भागात घ्यायची. इथं मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना लागून राहतात, एकाच दुकानात गल्ल्यावरचा माणूस या चारही भाषांत भाव सांगतो. आणि जी बाई लहानपणापासून आईला, आजीला इरकल नेसताना बघत आलीये तिला कोणी हलकं इरकल खपवू शकत नाही, त्यामुळं ती जिथं घेते तिथं तुम्हीपण निर्धास्त घ्या. एका मोठ्या दुकानातून सगळं उरकायचं ठरवलं तर पैसेही जास्त जातात आणि मालही मनासारखा मिळत नाही.

आता चादर. चादरीसाठी पूर्व भागात जा. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, दत्त नगर हा सगळा पट्टा म्हणजे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा भाग, गल्लीतनं चालताना आतून मागाची खडखड ऐकू येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतपण कारखाने आहेत आणि काहींची विक्रीची दुकानं तिथंच लागून आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल दोन्हींना २००५ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी सोलापुरी म्हणून बाहेरचा हलका माल, जास्त करून पानिपतचा, सगळीकडं विकला जातो, स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपास तर नक्की बघून घ्या.

ओळखायची कशी? चादर पूर्ण उलगडायला लावा, घडी बघून घेऊ नका. खरी जेकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, पुढं लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर मागं पांढऱ्या जमिनीवर लाल फूल दिसतं, नक्षी विणलेली असते, छापलेली नसते. मग वजन. हातात घेतल्यावर चादर जड लागली पाहिजे, दुकानात काटा असतोच, दोन चादरी एका मापाच्या असून भावात फरक का म्हणून विचारलं की चांगला दुकानदार स्वतःच वजन करून दाखवतो. सिंगलचं माप साधारण ६० बाय ९० इंच असतं, ते पण मोजून घ्या कारण हलक्या मालात चार-सहा इंच सहज मारलेले असतात. आणि शंका आलीच तर कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडीनं जाळा, सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चोळला की राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गाठ होते. दुकानदार यावर चिडला तर तिथनं सरळ निघायचं. घरी आल्यावर पहिल्यांदा वेगळी भिजवा, गडद रंग थोडा सुटतो, त्याची काळजी करू नका.

टॉवेल घेताना लोक नेमका मऊ आणि चकचकीत उचलतात, तसं करू नका. नवीन टॉवेलला फिनिशिंगचं रसायन लावलेलं असतं त्यामुळं तो मऊ लागतो पण पाणी शोषत नाही. पाण्याचे दोन थेंब टाका, लगेच आत गेले तर घ्या, वरच मोत्यासारखे थांबले तर दुसरा दाखवा म्हणा. आहेरात द्यायला टॉवेल-टोपी लागतेच आपल्याकडं, त्यासाठी डझनानं घेतलं की भाव बराच खाली येतो. पूर्व भागात गेलात आणि दिवस नवरात्राचे असतील तर बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण, बघून या, तेव्हा तिकडं फुलांचा बाजार बघण्यासारखा असतो, झेंडू, शेवंती, काय काय. आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी मात्र खरेदीला जाऊ नका, रथ बघायलाच जा, गाडी घेऊन आत शिरायचं तर नावच नको.

साड्या आणि लग्नाचा बस्ता म्हणजे चाटी गल्ली. गल्ली अरुंद आहे, चालतच फिरायची, पण बस्ता बांधायला जिल्ह्यातनं आणि कर्नाटकातनंपण लोक इथं येतात. यादी घरूनच करून न्या, नवरीच्या साड्या वेगळ्या, मानाच्या वेगळ्या आणि आहेराच्या गठ्ठ्यानं घ्यायच्या वेगळ्या, आणि दुकानात बसल्या बसल्या आधी आहेराच्या उरका. नवरीच्या साडीपासून सुरुवात केली की सगळा वेळ आणि बजेट तिथंच संपतं आणि मग मामीच्या, आत्याच्या साड्या कशातरी उचलल्या जातात आणि त्याचा राग लग्नानंतर वर्षभर पुरतो. इरकल हवं असेल तर पदर उघडून बघा, पदरावरचे लाल-पांढरे पट्टे आणि काठ बघितल्याशिवाय घेऊ नका. खणपण मिळतो, गुळेदगुड्डचा, हल्ली पोरी त्याचे ड्रेस आणि पर्सपण शिवून घेतात. सोबत घरातली किंवा शेजारची कन्नड बोलणारी एखादी अक्का असली तर तिला आग्रह करून न्याच.

चाटी गल्लीतनं बाहेर पडलं की टिळक चौक, मधला मारुती हे सगळं लागूनच. सणाच्या आधी पूजेचं सामान, हळद-कुंकू, मसाले असलं सगळं इथंच घेतात. रेडिमेड कपडे, चपला-बूट, मोबाईलचं सामान असलं तर नवी पेठ, तिथं रस्त्यावरच्या गाड्यांवर घासाघीस चालते, काचेच्या दुकानांत फारशी चालत नाही. शाळेचे युनिफॉर्म सोलापुरात शिवून देशभर जातात, तेव्हा पोरांचे युनिफॉर्म मे महिन्यातच घेऊन टाका, जूनमध्ये मापं संपलेली असतात.

विजापूर वेस रमजानात बघायची. मीना बाजार भरतो, संध्याकाळी रोजा सुटल्यानंतर खरी गर्दी सुरू होते आणि रात्री उशिरापर्यंत चालते. शेवया, खजूर, सुकामेवा, अत्तर, बांगड्या. आम्ही दिवाळीच्या फराळाचा सुकामेवापण तिकडूनच आणतो. खजूर घेताना एक खाऊन बघा, सगळे खाऊ देतात.

आता खायचं, आणि इथं जरा नीट ऐका. शेंगा चटणी पिशवीतल्या रंगावर घेऊ नका. चांगली चटणी कुटलेली असते, कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं म्हणून ती ओलसर, जराशी दाणेदार असते आणि मुठीत दाबली की गोळा होतो. मिक्सरवर फिरवलेली एकतर भुकटी होते नाहीतर लगदा. दुकानात चिमूटभर हातावर घ्या, लसूण आधी लागला पाहिजे आणि तिखट मागनं आलं पाहिजे. वास खवट आला तर किती का स्वस्त असेना, ठेवून द्या. कडक भाकरी ज्वारीची आणि बाजरीची दोन्ही मिळते, पातळ आणि पूर्ण वाळलेली असली की डब्यात कितीतरी दिवस टिकते, मधेच वाकत असेल तर आत ओल आहे, बुरशी धरणार. बचत गटाच्या बायकांकडून घ्या, त्या स्वतःच्या घरात जे खातात तेच विकतात. प्रवासात बॅगेत तळाला टाकू नका, तुकडे होतात, स्टीलच्या डब्यात नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी लावून हातात न्या.

आणि ज्वारी. सोलापुरात येऊन ज्वारी न नेणं म्हणजे मला खरंच वाईट वाटतं. मालदांडी मागा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय आहे. फेब्रुवारी-मार्चपासून नवीन माल येतो, वर्षाची घ्यायची तर तेव्हाच घ्या. पोत्यात खोलवर हात घालून मूठभर बाहेर काढा, वरवरचे दाणे सगळेच चांगले दाखवतात. दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकणारा हवा, दाताखाली कडक फुटला पाहिजे, काळे टिपके असतील तर पावसात भिजलेली आहे. घरी उन्हं देऊन कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. दळण मात्र थोडंथोडंच आणा, पीठ जुनं झालं की विरी जाते आणि मग भाकरी थापताना कडेनं चिरा पडतात.

वेळेचं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडूच नका, ऊन चाळिशीच्या वर असतं, एकतर सकाळी दुकानं उघडताच जा नाहीतर पाचनंतर. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, भरतो, त्या दिवसांत गावातला निम्मा बाजार तिकडंच असतो. घरातली भांडी, खेळणी, बांगड्या असलं किरकोळ सगळं तिथं घ्या, चादर आणि साडी मात्र तेव्हाही पेठेतच, आणि बिल मागून घ्या, बदलून घ्यायची वेळ आली तर पेठेतलं दुकान दुसऱ्या दिवशीही तिथंच सापडतं.