मे महिन्यात पंखातली पेट्रोलटाकी सील करताना

जळगावच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये किट विमानाची (सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या विमानाची) टाकी सील करायची तर वेळ पहाटेचीच. बी-२ सीलंट, म्हणजे टाकीचे सांधे बुजवायची दोन भागांची लुकण, दोन तास हाताळता येतं, पण ते २५ अंशांना. ३६ अंशांवर जेमतेम अर्धा तास मिळतो. आळू लागलेलं सीलंट रिव्हेटच्या कडेत शिरत नाही, वरच बसतं आणि तिथूनच टाकी पाझरते. म्हणून एका वेळी थोडंच घोटा. मूळ लुकण आणि हार्डनर यांचं प्रमाण वजनाने १० ला १, डिजिटल काट्यावर.

गळती तपासायला पारदर्शक नळीचा पाण्याचा मॅनोमीटर (दाबमापक) लावला. दाब ७० सेंमी पाण्याचा, म्हणजे १ पीएसआय. त्यापुढे मुळीच जाऊ नका. बंद टाकीतली हवा १ अंशाने बदलली तरी पाण्याच्या पातळीतला फरक सुमारे साडेतीन सेंमीने बदलतो! त्यामुळे शेड निवू लागली की धडधाकट टाकीही गळकी भासते. साबणाचं पाणी ब्रशने लावल्यावर खरी जागा सापडली: मागच्या बॅफलचा (टाकीच्या मागच्या आडव्या पत्र्याचा) खालचा कोपरा, मोहरीएवढे बुडबुडे.

बाहेरून थापलेला थर टिकत नाही. झाकण काढून आतला जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, स्कॉच-ब्राइटने घासलं, अ‍ॅसिटोनने पुसलं आणि कोपऱ्यात नवं सीलंट दाबून भरलं.