पिकअप सकाळी लवकर स्टार्ट होत नाही? आधी सायलेन्सर बघा

डिझेल पिकअप रात्रभर उभी राहिली की सकाळी नुसता सेल्फ खात बसते, आणि आपण थेट नवीन बॅटरी आणायला पळतो. तसं करू नका, आधी एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी थांबून धूर येतो का ते बघा.

१. सेल्फच मंद फिरतोय तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल, मीटर लावून बघा, सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर दोष तिथेच.

२. सेल्फ जोरात फिरतोय पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. फिल्टरवरचा हँडपंप दाबा, मऊ लागला आणि दहावीस वेळा दाबून कडक झाल्यावर गाडी लगेच लागली तर लाइनला एअर धरतेय, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरतेय, बहुतेक वेळा दोष पाइपच्या क्लिपचा नाहीतर फिल्टरच्या वॉशरचा निघतो, किरकोळ खर्चाचं काम.

३. पांढरा धूर येतोय पण लागत नाही तर डिझेल जातंय पण पेटत नाही, हीटर प्लग (स्टार्ट करण्याआधी सिलिंडर आतून गरम करणारे) तपासा, थंडीत तर हेच जास्त.

सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. आणि कॉमन रेल गाडीचे (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून खूप जास्त प्रेशरने डिझेल जातं ती) इंजेक्टर पाइप एअर काढायला कधीच सैल करू नका, त्या प्रेशरने डिझेल कातडीत घुसतं.