जोड बुडवण्याआधी: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नाशिककडे सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात लॅबला लागलात की लवकरच हातात एक बरणी, चार चिकटवलेल्या पट्ट्या आणि एक कॅन पडतो. वर एवढाच हुकूम, "हा ॲडहेसिव्ह या कूलंटमध्ये टिकतो का, बघ," म्हणजे चिकटवणारा माल थंड करणाऱ्या द्रवात तग धरतो का. सीनियर बहुतेक वेळा पुरवठादाराचा, कोणता माल कोणत्या द्रवात चालतो याचा चार्ट पुढे करतात. त्यात 'उत्तम' लिहिलेलं असतं, पण किती तापमानाला, किती दिवस, कोणत्या धातूवर, याचा पत्ता नसतो. चार्ट बघून एखादी वस्तू बाद करा, पास कधीच करू नका. "आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं" म्हणणाऱ्याकडून मशीन चालवायला जरूर शिका, निष्कर्ष काढायला नको.

लॅप शिअरचे (एकमेकींवर चिकटवलेल्या पट्ट्या ओढून जोड तोडायच्या टेस्टचे) नमुने एएसटीएम डी१००२ या मानकाप्रमाणे बनवा: १.६ मिमी जाडीच्या, २५ मिमी रुंदीच्या पट्ट्या, एकमेकींवर साधारण १२.५ मिमी चढवलेल्या. ॲल्युमिनियम आधी ॲसिटोनने पुसायचं, मग घासायचं, मग परत पुसायचं. क्रम उलटला तर तेल घासून आतच बसतं. शेवटी डिस्टिल्ड पाणी टाकून बघा. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब फुटले तर पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात ब्लास्ट केलेलं (कण मारून खरवडलेलं) एमएस, म्हणजे साधं स्टील, उद्यावर ठेवू नका, त्याच दिवशी चिकटवा. थर सारखा यावा म्हणून ॲडहेसिव्हमध्ये ०.२ मिमीचे काचेचे मणी टाकतात.

आता खरा खड्डा. रूम टेंपरेचरला सेट होणारं दोन भागांचं इपॉक्सी हाताला कडक लागतं, पण आत रासायनिक क्रिया अर्धवट असते. असा जोड ६० अंशांच्या कूलंटमध्ये गेला की द्रव त्याला कमकुवत करतो आणि त्याच वेळी उष्णता त्याला पक्का करत असते. शेवटी आकडा येतो तो या दोन्हींचा मिळून. समजा ताजा जोड ६२५० न्यूटनला तुटला. क्षेत्रफळ ३१२.५ चौरस मिमी, म्हणजे २० मेगापास्कल. बुडवलेला १९ ला तुटला. घट फक्त ५ टक्के, सगळे खूश. पण तसाच जोड तेवढेच दिवस कोरड्या ओव्हनमध्ये ६० अंशांना ठेवला असता आणि तो २४ ला तुटला असता, तर द्रवाने केलेली घट निघते जवळपास २१ टक्के. पास आणि नापास यांच्यातला फरक तेवढ्या एका कोरड्या गटाने ठरतो, आणि "ओव्हनमध्ये जागा नाही" म्हणून पहिला बळी त्याचाच जातो. देऊ नका.

म्हणून चार गट करा, प्रत्येकात निदान पाच जोड: ताजे, कोरड्या ओव्हनमधले, बुडवून ओलेच ओढलेले, आणि बुडवून मग वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेले. चौथ्या गटात ताकद परत आली तर ॲडहेसिव्ह नुसता मऊ पडला होता. नाही आली तर धातूवरची पकडच गेली, किंवा ॲडहेसिव्ह स्वतःच खराब झाला. वीस जोड ऐकून घाबरू नका, दोन दुपारींचं काम आहे. एकाच गटात दहा टक्क्यांचा फरक आला तरी तुमचा हात वाईट आहे असं नाही, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं.

तापमान मात्र मनाने चढवू नका. ॲडहेसिव्हचं ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या वर तो कडक न राहता मऊ पडतो) डेटाशीटमध्ये बघा, पाणी शोषल्यावर ते आणखी खाली येतं. त्याच्या वर टेस्ट घेतली तर चांगला माल नापास होईल. उलट, घाईची आठवडाभराची टेस्टही फसवी असते. द्रव कडेकडून आत शिरतो आणि दुप्पट अंतराला साधारण चौपट वेळ घेतो, त्यामुळे आठवड्यात बऱ्याचदा फक्त कडाच भिजते.

बरणीचं थोडक्यात: झाकण घट्ट हवं, नाहीतर कूलंटमधलं पाणी उडून त्यातल्या ग्लायकॉलचं प्रमाण बदलतं, पण वर थोडी जागा मोकळी सोडा. स्टील आणि ॲल्युमिनियम एका बरणीत नको, वेगवेगळी रबरंही नकोत. तांब्याच्या तारेने टांगू नका, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा वापरा. मार्करची शाई विरघळू शकते, नंबर पंच करा.

रबर गॅस्केट असेल तर "वजन बदललं नाही" यावर विसंबू नका. द्रव आत शिरतो आणि प्लास्टिसायझर (रबर लवचिक ठेवणारा पदार्थ) बाहेर पडतो, बेरीज शून्य येऊ शकते. वाळवून पुन्हा वजन करा, कमी भरलं तर काहीतरी नक्की निघून गेलंय. कडकपणाही मोजा.

तुटलेल्या पट्ट्या फेकायची घाई नको. दोन्ही बाजूंना ॲडहेसिव्ह राहिला असेल तर तो मधूनच फाटला. एका बाजूचा धातू कडेने चकचकीत उघडा दिसला तर आकडा कितीही चांगला असो, आत शिरकाव सुरू झालाय. भिंगाखाली त्या उघड्या कडेची रुंदी मोजा, फोटो काढा आणि रिपोर्टमध्ये आकड्याच्या शेजारीच लावा.

आणि कस्टमरकडून नवा कॅन आला तर चालत्या लाइनमधला, वापरलेला कूलंटही मागून घ्या. ग्लायकॉल गरम होत राहिलं की त्याचं ऑक्सिडेशन होऊन ग्लायकॉलिक आणि फॉर्मिक आम्ल तयार होतात, पीएच उतरतो. जोडाला आयुष्य काढायचंय ते त्या द्रवात. दोन्ही बरण्या शेजारी लावा, पीएच सुरुवातीला आणि शेवटी लिहा.