पट काढू देऊ नका: बचावातल्या या चुका टाळा

मातीतून गादीवर (मॅटवर) आलेल्या पोरांच्या कुस्त्या बघताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अंगात ताकद आहे, दम आहे, ढाक आणि कलाजंग हे डाव तोंडपाठ आहेत, आणि शिट्टी वाजल्याबरोबर समोरचा एकेरी पट काढून, म्हणजे आत शिरून एक पाय धरून खाली पाडून, ताबा घेतो. मग पोरगा बाहेर येऊन म्हणतो, "त्याचा पट लई फास्ट आहे वस्ताद." बहुतेक वेळा तसं काही नसतं. पाय त्याच्या हातात आपणच नेऊन दिलेला असतो.

माती आणि गादीतला फरक आधी डोक्यात बसवा. मातीत पाय रुततो, पट काढणाऱ्याचा वेग मरतो. जत्रेच्या मैदानात कुस्ती चितपटीवर असते, त्यामुळे पट निघाला तरी पालथं पडून सावरता येतं. गादीवर पालथं पडून सावरलात तरी 2 गुण गेलेच. खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती आणि तिथले नियम त्यांना नवेच होते. तिथं ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी घाम गाळला आणि 1952 ला हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्य आणलं. असल्या पैलवानाला वेळ द्यावा लागला. तेव्हा "दोन महिने झाले, पोराला गादी का जमत नाही" असं विचारायला येणाऱ्या वडिलांनी जरा दम धरावा.

आता चुका. पहिली आणि सगळ्यात जुनी म्हणजे कमरेतून वाकणं. पोरांना "खाली राहा" म्हटलं की ती कमरेत वाकतात. गुडघे ताठ, पाठ आडवी, डोकं पुढं, नजर गादीवर. बघणाऱ्याला वाटतं पोरगा खाली आहे, पण कंबर जिथल्या तिथंच असते आणि सगळं वजन पुढं कललेलं असतं. अशा पैलवानाची मान एका हातानं खाली ओढली की त्याचे दोन्ही हात गादीला टेकतात आणि समोरचा वळसा घालून पाठीवर. पट काढायचीसुद्धा गरज पडत नाही. खाली जायचं ते गुडघ्यातून. पाठ सरळ, हनुवटी वर, वजन चवड्यांवर, टाचा हलक्या. पहाटे उठून ढीगभर बैठका मारणारी पोरं खडाखडीत, म्हणजे उभ्यानं एकमेकांना अजमावताना, मात्र गुडघे वाकवत नाहीत, हे बघून जीव तुटतो. बैठका मग मारता कशासाठी?

मी आखाड्यात छातीच्या उंचीला आडवी दोरी बांधतो. दोन पोरांनी तिच्याखाली खडाखडी करायची. डोकं दोरीला लागलं की परत सुरुवात. नजर समोरच्याच्या छातीच्या खाली, कंबरेकडं. डोळे आणि हात हुलकावणी देतात, पण कंबर हलल्याशिवाय पट येत नाही. पहिल्या आठवड्यात मांड्या पेटतात आणि निम्मी पोरं कुरकुर करतात. दोरी मी सोडत नाही.

हात लांब करून मान धरायला जाऊ नका. कोपर बरगडीपासून सुटलं की समोरचा तिथूनच आत शिरतो.

बचावाच्या फळ्या तीन: डोकं, हात, कंबर. याच क्रमानं. तुमचं कपाळ त्याच्या कानशिलाला भिडलेलं असेल तर त्याला सरळ आत येता येत नाही. तिथूनही आला तर हात त्याच्या खांद्यावर आणि दंडावर अडवतात. तेही चुकलं तर पाय मागं फेकून कंबर त्याच्या खांद्यावर पाडायची, ज्याला सगळे स्प्रॉल म्हणतात. नवी पोरं पहिल्या दोन फळ्या सोडून थेट तिसरीवर येतात, कारण मोबाईलवर स्प्रॉल झकास दिसतो. आणि तोही गुडघ्यांवर आपटून करतात. गुडघे टेकले की कंबरेचं वजन गादीवर गेलं, त्याच्या पाठीवर काहीच आलं नाही. मांड्या पसरून, कंबर खाली दाबून, छाती त्याच्या पाठीवर. ज्या बाजूचा पाय धरलाय त्या बाजूची कंबर जास्त खाली. आणि एकदा तो खाली दबला की तिथं पडून राहू नका. वळसा घालून मागं जा, ते 2 गुण तुमचे आहेत.

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती. पाय पकडला गेला की मान आवळून धरणं.

कागल भागातला एक पोरगा आमच्याकडं होता. मेहनतीला वाघ, हाताची पकड अशी की मनगट सुटत नसे. एका निवड चाचणीत त्यानं दोन सुंदर पट काढून 4-0 अशी आघाडी घेतली. शेवटचा एक मिनिट उरला होता. समोरचा पोरगा जीव तोडून एकेरी पटाला आला आणि पाय धरला. आमचा पोरगा वाचू शकत होता, पाय अजून गादीवर होता. पण त्यानं दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळली आणि दात-ओठ खात दाबत बसला. मी बाहेरून ओरडतोय, "डोकं ढकल! कंबर पाड!" ऐकतो कोण. समोरच्यानं डोकं बरगडीत रुतवलं, बाजूला वळला, आमचा पोरगा कुशीवर खाली. 4-2. खाली पडतानाही मान सोडली नाही, त्यामुळे पोटाखालची जागा मोकळी राहिली. समोरच्यानं तिथंच कमरेला विळखा घालून भारंदाज मारला, म्हणजे त्याला पाठीवरून लोळवलं. 4-4. दोघांचे डाव दोन-दोन गुणांचेच, ताकीद कुणालाच नाही, म्हणून शेवटचा गुण ज्याचा त्याची कुस्ती. आमचा पोरगा बरोबरीत असून हरला.

खाली येऊन म्हणतो, "वस्ताद, मान घट्ट धरली होती की." म्हटलं, "पैलवान, तू त्याची मान धरलीस आणि त्यानं तुझी कंबर नेली."

मान धरली की दोन्ही हात वर अडकतात. त्याला आपण आपल्याच अंगावर ओढून घेतो आणि त्याला तेच हवं असतं. शिवाय नुसती मान दोन्ही हातांनी आवळणं नियमातही बसत नाही, मानेबरोबर त्याचा एक हात आत असावा लागतो. आणि सरावात जोडीदाराच्या मानेची वाट लागते ती वेगळीच.

पाय धरला गेला तर हे करा. पकडलेल्या पायाच्या बाजूचा हात त्याच्या खांद्यावरून आणून काखेत खोल घाला आणि खाली दाबा. दुसऱ्या हातानं त्याचं कपाळ बाहेर ढकला, कारण डोकं जिकडं जाईल तिकडं अंग जातं. कंबर त्याच्यावर पाडा. मग पाय गादीकडं खाली मारा. वर ओढून सोडवायला जाऊ नका, वर उचललेला पाय त्याच्या छातीशी जातो आणि तुम्ही एका पायावर उड्या मारत बसता. उड्या मारणारा पैलवान फार काळ उभा राहत नाही.

सरळ मागं हटू नका. नारिंगी पट्ट्यापलीकडं पाऊल पडलं की 1 गुण जातो, आणि मागं पळणाऱ्याचा पट सगळ्यात सोपा निघतो. बाजूला फिरा.

मातीत जांघिया धरून अडवायची सवय असेल तर ती तिथंच ठेवा. गादीवर कॉस्च्यूमला हात घालता येत नाही.

स्प्रॉल नीट येत नसताना पटावर उलटा डाव मारायची हौस करू नका. "वस्ताद, तो आला की मी ढाकच मारतो" असं म्हणणारी पोरं दर हंगामात भेटतात. दहातली एखादी बसते, तिचा व्हिडिओ निघतो, बाकीच्या वेळी आपलीच पाठ गादीला लागते ते कुणी दाखवत नाही. आधी पट अडवायला शिका, उलटा डाव मागाहून येतो.

सरावाचं म्हणाल तर ढिला पट काढणारा जोडीदार घेऊन काही उपयोग नाही. तो तुम्हाला पट अडवल्याचं समाधान देतो आणि मैदानात ते समाधान उतरतं. मी बचावाचा सराव शेवटी ठेवतो, पोरं दमल्यावर. ताज्या अंगानं सगळेच गुडघे वाकवतात. हात जड झाल्यावर कोपर कुठं असतं, ते बघायचं असतं. एकानं फक्त पट काढायचा, दुसऱ्यानं फक्त अडवायचा, मग अदलाबदल. गुण मोजायचे नाहीत.

आणि गुडघा सांभाळा. पाय धरलेला असताना चवडा गादीत रोवून अंग पिळू नका, गुडघा तिथंच जातो. सरावात पाय पूर्ण अडकला आणि गुडघ्यावर पीळ यायला लागला तर पट द्या, खाली बसा, परत उभे राहा. जोडीदारानं "थांब" म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं, यात थोरला-धाकटा बघायचं नाही. गुडघ्यात आवाज आला किंवा सूज दिसली तर तेल चोळून दुसऱ्या दिवशी लांग चढवू नका, हाडांच्या डॉक्टरकडं जा.