पुराहवामानाचा सामूहिक शोधनिबंध रखडलाय? समन्वय करताना या चुका टाळा

तलावाच्या गाळाचा विभाग जूनमध्ये येणार होता. मृग गेला, आषाढी झाली, गणपती बसले, तरी आमच्या मसुद्यात त्या जागी पिवळ्या रंगातली एकच ओळ होती: "इथे तलावाचा भाग येईल." पुराहवामानाचा, म्हणजे जुन्या काळातल्या हवामानाचा, दख्खनच्या गेल्या दोन हजार वर्षांच्या पावसाचा आढावा घेणारा हा शोधनिबंध. तो पाऊस तलावांचा गाळ, झाडांची वलयं, गुहांतले खांब आणि जुनी कागदपत्रं यांवरून वाचायचा, आणि प्रत्येक विभाग वेगळ्या तज्ज्ञाने लिहायचा. सहलेखक सतरा, संस्था नऊ आणि समन्वय माझ्याकडे. त्या तीन महिन्यांत मी पाच रिमाइंडर पाठवले. पाचही सारखेच होते आणि पाचही वाया गेले. असं काम ज्यांच्याकडे आलंय त्यांच्यासाठी, मी केलेल्या आणि इतरांकडून होताना पाहिलेल्या चुका लिहिते आहे.

सगळ्यांना एकच रिमाइंडर

"कृपया आपापले विभाग लवकरात लवकर पाठवावेत" असा मेल सतरा जणांना गेला की ज्यांनी वेळेत मजकूर दिलाय ते दुखावतात. ज्यांनी दिलेला नाही त्यांना उलट हायसं वाटतं, कारण आपल्यासारखे आणखीही आहेत हे त्यांना कळतं. एकेकाला नावानिशी लिहा. आणि "कधी देताय?" याऐवजी "कुठे अडलंय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला तारीख मिळते, तीही बहुधा न पाळली जाणारी. दुसऱ्या प्रश्नाला कारण मिळतं आणि कारण कळलं तरच काही करता येतं.

कारणं फार वेगवेगळी असतात. वय काढायला पाठवलेले कार्बन-१४चे नमुने प्रयोगशाळेच्या रांगेत असतात. वृक्षवलयांचे नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी आलेली नसते. आकडे एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थिनीचे असतात आणि तिचा स्वतःचा पेपर येण्याआधी ते बाहेर देणं तिच्यावर अन्याय ठरेल, म्हणून तिचे मार्गदर्शक गप्प असतात. या शेवटच्या बाबतीत दट्टा लावणं चूकच आहे. त्या मुलीचा पेपर आधी जाऊ द्या, आपल्या आकृतीत तोवर आधीच प्रसिद्ध झालेली मालिका वापरा.

तलावाच्या विभागाचं कारण मला फोनवर कळलं, आणि तेही आधी दहा मिनिटं पावसाबद्दल बोलून झाल्यावर. तो विभाग लिहिणाऱ्या ताई म्हणाल्या, "अगं, दोन तारखा उलट्या आल्यात. वरच्या थराचं वय खालच्यापेक्षा जास्त निघतंय. काय लिहू?" पाणलोटातली जुनी माती वाहून आली की तिच्यातला जुना कार्बन नव्या थरात मिसळतो आणि असं होतं, तलावांच्या कामात ही नेहमीची अडचण आहे. पण ताईंना वाटत होतं की आपलाच नमुना बिघडला. उत्तर देण्यासारखं काही हाती नव्हतं, मग मेलला उत्तर नाही, मग उशीर झाल्याचा संकोच, आणि संकोचामुळे आणखी उशीर. पाच रिमाइंडरनी हा संकोच फक्त वाढवला होता.

ज्येष्ठांच्या मौनाचा अर्थ 'वेळ नाही' असा घेणं

आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी आराखड्याला होकार दिला होता आणि नंतर एक शब्दही लिहिला नव्हता. ते कामात असतील असं मी धरून चालले. पुण्यात एक मोठी सोय आहे: पाषाण, शिवाजीनगर, आगरकर रस्ता, येरवडा, कुठल्याही संस्थेतून दुसरीकडे रिक्षाने जाता येतं. मी जाऊन भेटले. सरांचा आक्षेप आराखड्यातल्या एका मथळ्यावर होता. आम्ही त्या भागाला 'छोटं हिमयुग' असं नाव दिलं होतं. ते म्हणाले, "युरोपातल्या थंडीचं नाव आपल्या पावसाच्या आलेखावर का चिकटवायचं? आधी आलेख काय सांगतो ते बघू, नाव नंतर देऊ."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. गेल्या दोन हजार वर्षांच्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या पेजेस २के या जागतिक गटाच्या सदस्यांनी २०१९मध्ये दाखवून दिलं की औद्योगिक काळाआधीच्या दोन हजार वर्षांत जगभर एकाच वेळी आलेले उबदार किंवा थंड कालखंड सापडत नाहीत. सर्वांत थंड शतकं जागोजागी वेगळी आहेत. आम्ही मथळा बदलून तिथे नुसती शतकं लिहिली आणि आठ दिवसांत सरांचा विभाग आला.

मतभेद असला तरी आपल्याकडे ज्येष्ठ माणूस धाकट्या समन्वयकाला तो मेलमध्ये लिहीत नाही, आणि धाकटा सहलेखक ज्येष्ठांच्या मताविरुद्ध बोलत नाही. दोघेही थांबून राहतात. म्हणून आराखडा पाठवताना प्रत्येकाला वेगळं विचारा: "यातलं काय तुम्हाला पटत नाही?" हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला असता तर माझे निदान दोन महिने वाचले असते.

आधी मजकूर मागणं, आकडे नंतर

ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मजकूर लिहायला मन लागतं, सलग वेळ लागतो. आकड्यांची फाइल बहुतेकांकडे तयार असते. आधी तीच मागा. आकडे हाती आले की आकृती करता येते, आणि स्वतःची रेषा इतरांच्या रेषांशेजारी पाहिली की माणसाला लिहावंसं वाटतं. "पाचशे शब्द द्या" म्हटल्यावर जे महिनोन्महिने हलले नव्हते, त्यांना आकृती पाठवून "तुमच्या आलेखातली बाराव्या शतकातली ही खाच खरी आहे का?" एवढंच विचारलं. त्याच रात्री दीड पानाचं उत्तर आलं. तेच थोडं आवरून विभाग झाला.

पण आकडे मागताना ते कोणत्या रूपात हवेत हे आधी सांगितलं नाही, तर उशिरा आलेली फाइल नवा गोंधळ घेऊन येते. 'वर्षांपूर्वी' म्हणजे कधीपासून मोजलेली वर्षं? कार्बनवाले बीपी लिहितात, म्हणजे १९५०च्या आधीची वर्षं. गुहेतल्या स्टॅलॅग्माइटवर (जमिनीवरून वर वाढणाऱ्या चुनखडीच्या खांबांवर) वय काढण्याच्या युरेनियम-थोरियम पद्धतीने काम करणारे पुष्कळदा २०००च्या आधीची वर्षं देतात. भूवैज्ञानिक कालगणनेत २०१८मध्ये अधिकृत झालेल्या मेघालयन कालखंडाचंच बघा. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या स्टॅलॅग्माइटवरून ठरलेली त्याची सुरुवात २०००च्या आधी ४,२५० वर्षं, आणि बीपीमध्ये ४,२००. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण एकाच रकान्यात आले की पन्नास वर्षांचा फरक पडतो.

त्याहून मोठा घोटाळा कॅलिब्रेट न केलेल्या तारखांचा. हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण पूर्वी सदैव सारखं नव्हतं, त्यामुळे प्रयोगशाळेने दिलेलं कच्चं वय कॅलिब्रेट करावं, म्हणजे ठरलेल्या वक्राशी ताडून खऱ्या वर्षांत बदलावं लागतं. कच्चं ३,८०० वर्षांचं वय कॅलिब्रेट केल्यावर ४,२००च्या आसपास जातं. एकाने कच्चं दिलं आणि दुसऱ्याने पक्कं, तर एकच दुष्काळ चारशे वर्षांच्या अंतराने दोनदा पडल्यासारखा दिसेल. म्हणून फाइलमध्ये कच्चं वय, त्याची त्रुटी, नमुन्याची खोली, कशाचा नमुना होता आणि कोणता कॅलिब्रेशन वक्र वापरला, एवढं सगळं मागा. जुने पेपर इंटकॅल१३ या वक्रावर आहेत, नवे इंटकॅल२०वर. कच्चे आकडे असतील तर सगळ्यांचं वय तुम्ही एकाच वक्रावर पुन्हा काढू शकता.

पुण्यात आणखी एक शाखा येते, ती म्हणजे कागदपत्रं. पेशवे दफ्तरातल्या नोंदी शुहूर सनात (तेव्हाच्या दफ्तरातली एक कालगणना) किंवा शकात असतात. इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. शुहूर सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, शुहूर ११६१. नवख्या मदतनीसाने सरसकट ७८ मिळवले तर ती १७६० होते. इंग्रजांच्या वखारीतली १७५२पूर्वीची पत्रं जुन्या ज्युलियन पद्धतीची, म्हणजे पाऊस कधी सुरू झाला हे पाहताना दहा-अकरा दिवसांची चूक तयारच. तलावाच्या गाळात पाचपन्नास वर्षं इकडेतिकडे झाली तर ती त्रुटीच्या पट्ट्यात सामावतात. वृक्षवलयांशी ताडून बघताना मात्र एका वर्षाची चूकही पुरते: १६३०-३२चा दुष्काळ चुकीच्या वलयावर जाऊन बसतो. म्हणून इतिहासाच्या सहलेखकांकडून मूळ नोंदीतली तिथी आणि सन जसाच्या तसा मागा. रूपांतर एकाच व्यक्तीने, एकाच नियमाने करावं.

या कारणासाठी कोरा तक्ता सुरुवातीलाच पाठवा. २०१७मध्ये पेजेस २केने ६४८ ठिकाणांच्या ६९२ नोंदी एकत्र केल्या, त्या सर्व एका समान साच्यात बसवून. आपल्याकडे वीस नोंदी असल्या तरी साचा हवाच.

तारीख ठरवताना कॅलेंडर न बघणं

मार्चअखेर प्रकल्पांचे हिशेब, दिवाळी, परीक्षांचे पेपर तपासणं, आणि पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत फील्डवर्क. गाळाचे कोअर (नळीने काढलेले उभे नमुने) काढणारे लोक जानेवारीत तलावावर असतात, टेबलापाशी नाही. त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्ट योग्य. परदेशी सहलेखकांकडे ऑगस्ट आणि डिसेंबरचा शेवट धरू नका.

'शेवटची तारीख' आणि मग आणखी एक शेवटची तारीख

तारीख पुढे ढकलणं हा गुन्हा नाही. कोविडच्या काळात आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीनेही आपल्या सहाव्या अहवालाच्या पहिल्या गटासाठी नव्या शोधनिबंधांची मर्यादा पुढे नेली. पण ३१ जानेवारी २०२१ ठरल्यावर त्यानंतर स्वीकारला गेलेला निबंध अहवालात घ्यायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपली चूक अशी की तारीख उलटली तर काय होणार हे आपण सांगतच नाही. मी आता पहिल्याच पत्रात लिहिते: "१५ ऑगस्टपर्यंत मजकूर न आल्यास तुमच्या विभागाचा सारांश मी प्रसिद्ध पेपरांवरून लिहीन आणि तुम्हाला तपासायला पाठवीन." हे धमकीसारखं वाटत नाही. उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं, कारण कोऱ्या पानापेक्षा दुसऱ्याचा मजकूर सुधारणं सोपं.

न सांगता लिहून टाकणं, न सांगता नाव काढणं

वरचा उपाय आणि ही चूक यांत फरक फक्त आधी सांगण्याचा आहे. एका जुन्या प्रकल्पात माझं नाव मी न वाचलेल्या मसुद्यावर लागलं होतं आणि त्यात माझ्या नमुन्याची उंचीच चुकलेली होती. ते पाहून वाटलेली लाज अजून आठवते. नाव ठेवायचं की आभारात घ्यायचं हे उशिरावरून ठरवू नका, कामावरून ठरवा. क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी आहे: संकल्पना, नमुने व निरीक्षणं, विश्लेषण, लेखन वगैरे. सुरुवातीलाच प्रत्येकाला त्यात स्वतःच्या भूमिकांवर खूण करायला सांगा. सहा महिन्यांनी ज्याची एकच भूमिका उरली असेल, त्याच्याशी बोलणं त्यामुळे सोपं जातं. हे बोलणं फोनवर करा आणि ठरलेलं नंतर दोन ओळींच्या मेलमध्ये लिहा.

आणि सादर करण्याआधी अंतिम मसुद्याला प्रत्येकाचा लेखी होकार घ्या. बरीच जर्नलं सहलेखकांना मेल पाठवून खात्री करतात आणि तो मेल स्पॅममध्ये पडला की काम पुन्हा अडतं. सगळ्यांना आदल्या दिवशी कळवून ठेवा.

तलावाच्या विभागाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. फोननंतर मी ताईंना पाचशे शब्दांऐवजी आठ ओळी मागितल्या: कोअर कुठला, किती लांब, कुठल्या तारखांवर भरवसा आहे आणि कुठल्या दोन तारखांवर नाही, ते का. चौथ्या दिवशी, गौरी जेवल्या त्या रात्री, त्यांचा मेल आला. आकृतीत त्या दोन तारखा आम्ही पोकळ वर्तुळांनी दाखवल्या, बाकीच्या भरीव. वयाची रेषा पोकळ वर्तुळांना न शिवता जाते, आणि त्यांच्याखाली ताईंची एक ओळ आहे: जुनी माती, बहुधा पुराने आणलेली.