नेक्स्टफ्लोचं प्लगइन तपासताना पूर्ण पाइपलाइन चालवू नका

नेक्स्टफ्लो म्हणजे डेटा विश्लेषणाच्या पायऱ्या एकामागून एक (पाइपलाइन) चालवणारं साधन, आणि प्लगइन म्हणजे त्याला जोडायचा जादा कोड. प्लगइनमधली एक ओळ बदलली की अख्खी जीनोम पाइपलाइन चालवून पाहायची, यात दुपार जाते. कोड बांधणारं आणि टेस्ट चालवणारं ग्रेडल हाताशी असताना याची गरज नाही.

१. ज्या भागात बदल केला, तेवढाच स्पॉक (टेस्ट लिहायची चौकट) टेस्टचा क्लास चालवा. ग्रेडलच्या 'टेस्ट' टास्कला दोन डॅश देऊन 'टेस्ट्स' लिहा, पुढे क्लासचं नाव. सोबत एक डॅश आणि 'टी' दिलंत तर फाइल सेव्ह केली की टेस्ट आपोआप पुन्हा चालते. खरा वेळ इथेच वाचतो.

२. टेस्ट पास झाल्या की ग्रेडलचा 'इन्स्टॉल' टास्क चालवा. प्लगइन होम फोल्डरमधल्या नेक्स्टफ्लोच्या 'प्लगइन्स' फोल्डरमध्ये जातं.

३. एकाच प्रोसेसची (पायरीची) चिमुकली नेक्स्टफ्लो स्क्रिप्ट चालवा. फास्टक्यू (डीएनए वाचनाच्या डेटाची) फाइलमधले हजारेक रीड, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, पुरतात. 'प्लगइन्स' पर्यायात प्लगइनचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि बिल्ड फाइलमधलाच आवृत्ती क्रमांक द्या.

मात्र आधीच प्रकाशित झालेला आवृत्ती क्रमांक चाचणीसाठी वापरू नका. तुमची अर्धवट प्रत त्या फोल्डरात राहिली, तर नेक्स्टफ्लो पुढेही तीच उचलेल, आणि गंमत म्हणजे एररही येणार नाही. काम झालं की ती प्रत काढून टाका.